विश्लेषण : शंभर युनिट ओलांडताच बिल का भडकते? सोलापूरच्या उन्हाळ्यात ते आटोक्यात कसे ठेवता येईल?

मार्च संपत आला, की सोलापुरात दोन गोष्टी एकदम चढतात. एक पारा, दुसरे विजेचे बिल. एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या वर जाणे इथे नवे नाही. काही वर्षी ते ४४ अंशांच्या आसपास टेकते. दुपारी रस्ते ओस पडतात आणि घराघरांतले पंखे, कूलर अखंड फिरू लागतात. मग महिनाअखेरीस मोबाइलवर महावितरणचा संदेश येतो आणि घरात प्रश्न विचारला जातो : एवढे वापरले तरी काय?

उत्तर पुष्कळदा ‘फार काही नाही’ असेच असते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराने उन्हाळ्यात दीडशे युनिट वापरले, तर वापर वाढला निम्म्याने. पण बिल वाढते जवळपास ८० टक्क्यांनी. हे गणित ज्या घराला कळले, त्याला कुठे हात आखडायचा आणि कुठे उगीच जिवाला त्रास करून घ्यायचा नाही, हेही कळते.

बिलातला शंभरचा उंबरठा काय आहे?

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर एकसारखा नाही. तो टप्प्याटप्प्याने चढतो : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. आयोगाने मार्च २०२३ मध्ये दिलेल्या आदेशानुसार २०२४-२५ या वर्षात महावितरणचा वीज आकार पहिल्या टप्प्याला युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे होता, दुसऱ्याला १० रुपये २९ पैसे आणि तिसऱ्याला १४ रुपये ५५ पैसे. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्यावर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क.

त्यानंतर दरांचे बरेच नाट्य झाले. आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी पाच वर्षांचा आदेश दिला, काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली, २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलै २०२५ पासून नवे दर लागू झाले. पैसे बदलत राहतात. पायऱ्यांची रचना मात्र तीच आहे आणि दुसरी पायरी पहिलीच्या दुपटीहून उंच, हेही तसेच आहे. म्हणून इथली सगळी उदाहरणे २०२४-२५ च्या दरांवर, इंधन समायोजन आकार न धरता, मांडली आहेत. हिशेबाची पद्धत आजच्या बिलालाही लागू पडते.

या दरांनी १०० युनिटचे बिल सुमारे ८३० रुपये येते. १५० युनिटचे सुमारे १,४९५ आणि २०० युनिटचे २,१६०. म्हणजे पहिल्या शंभरातले प्रत्येक युनिट करासह ६ रुपये ८० पैशांच्या आसपास पडते, तर १०१ व्या युनिटपासून तेच १३ रुपये ३० पैशांना पडते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शंभर ओलांडले, की सगळेच युनिट महाग होतात असे अनेकांना वाटते. तसे नाही. पहिल्या शंभर युनिटना स्वस्त दर मिळतोच. महाग होतात ती वरची युनिट. त्यामुळे १०१ वे युनिट लागले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की बचत नेहमी वरच्या टोकाकडून होते. महिन्याला १८० युनिट वापरणाऱ्या घराने २० युनिट वाचवली, तर सव्वादोनशे रुपयांच्या पुढे, साधारण २६५ रुपये वाचतात. ९० युनिटच्या घराने तेवढीच वाचवली, तर १३५.

पंखा बदलणे खरेच परवडते का?

सोलापूरच्या घरात सर्वाधिक चालणारे यंत्र कोणते? फ्रिज सोडला, तर छताचा पंखा. विशेषतः पूर्व भागात, जिथे विड्या वळण्याचे काम घरातच चालते, तिथे पंखा ही चैन नव्हे, कामाचे साधन आहे. दिवसभर बाई सूप मांडीवर घेऊन बसलेली असते आणि रात्री त्याच खोलीत घर झोपते. पंखा सोळा-सोळा तास चालतो.

जुना साधा पंखा ७० ते ८० वॅट खातो. ७५ वॅट धरले, तर सोळा तासांच्या हिशेबाने महिन्याला ३६ युनिट. बाजारात ‘बीएलडीसी’ म्हणून मिळणारा पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे सुमारे साडेचौदा युनिट. एका पंख्यामागे महिन्याला २१ ते २२ युनिटचा फरक. दुसऱ्या टप्प्यातल्या घराला हा फरक २८५ रुपयांचा, पहिल्या टप्प्यातल्या घराला सुमारे १४५ रुपयांचा.

असा पंखा अडीच ते साडेतीन हजारांना येतो. म्हणजे जास्त वापराच्या घरात तो भरपूर चालण्याच्या दहा-बारा महिन्यांत आपली किंमत काढतो, कमी वापराच्या घरात त्याला वीस महिने लागतात. पाहुण्यांच्या खोलीतला, महिन्यातून चार दिवस फिरणारा पंखा बदलण्यात मात्र काही अर्थ नाही. घरातला एकच पंखा बदलण्याची ऐपत असेल, तर जो सर्वांत जास्त तास चालतो तो बदलावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जाबचतीची ‘स्टार’ पट्टी सक्तीची झाली आहे. ती पाहून घेणे सोपे आहे.

पैसे नसतील, तर निदान रेग्युलेटरकडे पाहावे. भिंतीवरचा मोठा, चौकोनी, हाताला गरम लागणारा जुना रेग्युलेटर पंखा हळू केल्यावरही वीज उष्णतेत घालवत राहतो. छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसे करत नाही. दीड-दोनशे रुपयांचे काम आहे.

दिव्यांचे वेगळे सांगायची गरज उरलेली नाही. २०१५ च्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडी बल्ब घरोघरी पोहोचले. राहिली आहे ती चोक असलेली जुनी ट्यूब. ती चोकसह ५० वॅटच्या आसपास घेते, एलईडी ट्यूब वीसच्या आत.

कूलर लावावा की एसी?

इथे सोलापूरला हवामानाने एक सवलत दिली आहे. पर्जन्यछायेतले शहर, उन्हाळ्यात हवा कोरडी. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो आणि हवा जितकी कोरडी, तितके हे काम चांगले होते. मुंबईत कूलर म्हणजे घामाला आमंत्रण. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये तो खरोखर उपयोगी पडतो. पाऊस सुरू झाल्यावर मात्र त्यातला पाण्याचा पंप बंद ठेवलेलाच बरा, नाहीतर खोली फक्त दमट होते.

खर्चातला फरक डोळे पांढरे करणारा आहे. १८० वॅटचा कूलर रोज आठ तास चालला, तर महिन्याला ४३ युनिट लागतात. दीड टनाचा एसी तासाला सरासरी एक युनिट घेतो असे धरले, तर तेवढ्याच तासांना २४० युनिट. एरवी १३० युनिट वापरणाऱ्या घरात कूलरमुळे बिलात सुमारे ५७५ रुपयांची भर पडेल. एसीमुळे एकूण वापर ३७० युनिटवर जाईल, म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा उंबरठाही ओलांडला जाईल आणि बिल १,२३० वरून ४,७६५ रुपयांच्या घरात पोहोचेल. एसीचा मासिक भार साडेतीन हजारांचा.

पण कूलर फुकटात थंडावा देत नाही. तो पाणी पितो. आठ तासांत तीन-चार बादल्या सहज संपतात आणि चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणे हा सोलापूरचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. उजनी धरणात पाणी असले, तरी ते घरात वेळेवर येत नाही, ही इथली जुनी तक्रार. त्यामुळे कूलरची टाकी भरायची की पिंप, असा प्रश्न पडणारी घरे शहरात आहेत. विजेची बचत सांगणारे बहुतेक सल्ले हा भाग विसरतात. कपडे खळखळल्यावर उरलेले शेवटचे, तुलनेने स्वच्छ पाणी काही घरांत कूलरला जाते. साबणाचे पाणी मात्र नको, त्याने जाळी बुजते आणि वास येतो. कूलर खिडकीत बाहेरच्या तोंडाने बसवून समोरची खिडकी किंचित उघडी ठेवली, तरच तो नीट काम करतो. बंद खोलीत त्याची तीच दमट हवा फिरत राहते.

ज्यांच्याकडे एसी आहे, घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे आणि तो लावावाच लागतो, त्यांच्यासाठी जुनी पण खरी गोष्ट : ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एक अंश वर ठेवले, की साधारण सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू करताना मुळात २४ अंशांवर असतात ते त्यामुळेच. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ राबते. २६ अंश आणि सोबत छताचा पंखा, हे जोड काम पुरेसे असते. आणि खरेदी करताना तारे मोजण्याबरोबर पट्टीवरचे वर्षही वाचावे. एसीचे निकष जुलै २०२२ मध्ये कडक झाले, तेव्हा आधीचे पाच तारे एका रात्रीत चार झाले होते. दुकानात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात मिळतो, पण त्याचे कारण तेच असते.

आणि छताचे काय?

‘स्लॅब’ हा शब्द सोलापूरकराला दोन्हीकडून तापवतो, बिलातला आणि डोक्यावरचा. सिमेंटचे छत दिवसभर ऊन पिते आणि रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत ओकत राहते. संध्याकाळी बाहेर वारा सुटतो, तरी घरात भट्टी असते ती यामुळे. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो.

जुन्या सोलापुरातली माळवदाची घरे या बाबतीत शहाणी होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचा थर. ती घरे पाडून उभ्या राहिलेल्या आरसीसी इमारतींनी जागा वाढवली, पण गारवा गेला. आता माळवद परत येणार नाही. छत पांढरे मात्र करता येते. मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात दिले, तर ऊन बरेचसे परतवले जाते आणि खालच्या खोलीत काही अंशांचा फरक पडतो. चुना स्वस्त आहे, एका पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी लावावा लागतो. टिकाऊ परावर्तक रंग महाग पडतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी चक्क ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केले. हैदराबादशी रोजची ये-जा असलेल्या सोलापूरला ते परके वाटू नये. पत्र्याच्या घरात फरक आणखी जाणवतो, कारण पत्रा सर्वांत लवकर तापतो.

हा सगळ्यांत कमी खर्चाचा उपाय आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. कदाचित त्यात विकण्यासारखे काही नाही म्हणून.

गॅस सोडून इंडक्शनवर जावे का?

सिलिंडर महागला, की हा विचार पुढे येतो. हिशेब करून पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीत त्यातली साधारण साठ-पासष्ट टक्केच भांड्याला लागते. इंडक्शनवर हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर करायला १३० ते १३५ युनिट लागतील.

ही युनिट दुसऱ्या टप्प्यातली असली, तर त्यांची किंमत साडेसतराशे रुपयांच्या घरात जाते. एप्रिल २०२५ मधल्या दरवाढीनंतर मुंबईत घरगुती सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना होता. तेव्हा साध्या ग्राहकाला इंडक्शन स्वस्त पडत नाही. घरावर सौर पॅनेल असेल आणि युनिट शिल्लक राहत असतील, तर गोष्ट वेगळी. आणि भाकरीचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. सपाट तव्यावर भाजलेली भाकरी फुगवायला शेवटी आच लागते.

गॅसची बचत जुन्याच मार्गांनी होते : डाळ-तांदूळ आधी भिजवणे, झाकण ठेवणे, कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करणे. सोलापूरची कडक भाकरी तर या शास्त्राचा नमुनाच आहे. एकदा चूल तापली, की ढीगभर भाकरी एका दमात आणि पुढे कित्येक दिवस त्या शेंगाचटणीसोबत टिकतात.

अंघोळीच्या पाण्याचेही मोजता येते. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या थोडेसे आत वीज लागते. चार माणसांच्या घरात रोज दोन युनिट धरावीत, महिन्याला साठ. गीझर, रॉड, काहीही वापरले तरी पाणी तापायला लागणारी ऊर्जा तीच. फरक पडतो तो तासभर आधी चालू करून ठेवण्याने आणि मधल्या गळतीने. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी सकाळीही कोमट असते, तेव्हा रॉड माळ्यावर टाकून द्यायला हरकत नाही.

टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला, तरी साधारण दहा वॅट घेत राहतो. वीस तासांच्या हिशेबाने महिन्याला सहा युनिट, म्हणजे ऐंशी रुपयांपर्यंत. भिंतीवरचे बटण बंद करणे एवढाच त्यावर उपाय.

एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असतील तर?

खरी हानी होते ती इथे. जुन्या वाड्यांत, चाळींत, बैठ्या घरांच्या गल्ल्यांत घरमालकाचे एक मीटर असते आणि भाडेकरूंना सब-मीटर. मालक युनिटला दहा-बारा रुपये लावतो आणि भाडेकरूला वाटते, की तो लुबाडतो. कधी लुबाडतही असेल. पण पुष्कळदा मालकालाच तो दर पडलेला असतो.

समजा तीन बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचा वापर फक्त ८० युनिट. तिघेही काटकसरी. पण एका मीटरवर ते २४० युनिट होतात, त्यातली १४० महाग टप्प्यात जातात आणि बिल येते सुमारे २,६९० रुपये. युनिटमागे ११ रुपये २० पैसे. तिघांची स्वतंत्र मीटर असती, तर प्रत्येकाचे बिल सुमारे ६९५ आणि एकूण २,०८० रुपये झाले असते. तीन स्थिर आकार भरूनसुद्धा. दर महिन्याला सहाशे रुपये, वर्षाला सात हजारांहून अधिक, केवळ मीटर एक असल्यामुळे जातात. वर कोणाही बिऱ्हाडाला कमी वापराच्या ग्राहकांसाठीच्या योजनांचा लाभ मिळत नाही, कारण कागदावर ते ग्राहकच नसतात.

वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार वीजजोडणी मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला तसाच भोगवटादारालाही आहे. म्हणजे भाडेकरूही अर्ज करू शकतो. व्यवहारात मालकाची संमती आणि भाडेकराराचा कागद लागतो आणि इथेच गाडी अडते. भाडेकरूच्या नावाने मीटर लागले, की उद्या तो जागेवर हक्क सांगेल, ही मालकाची भीती असते. वीजबिल हा जागेच्या मालकीचा पुरावा नसतो, हे त्याला पटवून द्यावे लागते. पंखे बदलून तीन बिऱ्हाडांनी जे वाचवायचे, त्यातले बरेचसे या एका कागदाने वाचू शकते.

घरात शिलाई, पापड किंवा खानावळ चालत असेल, तर आणखी एक नियम माहीत हवा. घराच्या एका भागात व्यवसाय असला आणि महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत, वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असला, तर आयोगाच्या आदेशानुसार घरगुती दरच लागू होतो. ‘घरात मशीन आहे म्हणजे व्यापारी मीटर घ्या’ असे कोणी सांगितले, तर आधी आपला वर्षाचा वापर पाहावा.

दुपारच्या सवलतीचा फायदा कोणाला?

१ जुलै २०२५ पासून ‘टीओडी’ म्हणजे वापराची वेळ नोंदवणारे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली. दिवसा सौर वीज मुबलक आणि स्वस्त असते, ती तेव्हाच वापरली जावी हा हेतू. नव्या मीटरना राज्यभरातल्या ग्राहक संघटनांनी विरोध केला आहे आणि प्रीपेड मीटरच्या पहिल्या प्रयत्नाचा अनुभव पाहता लोकांचा संशय समजण्यासारखा आहे.

पण सवलतीपुरते बोलायचे, तर ती नोकरदार जोडप्याच्या दिवसभर बंद असणाऱ्या फ्लॅटला फारशी मिळणार नाही. ती मिळेल दिवसा घरात काम चालणाऱ्याला : विडी वळणाऱ्या बाईच्या पंख्याला, शिलाई मशीनला, घरातल्या वृद्धांच्या कूलरला. इतरांनी इस्त्री, वॉशिंग मशीन, टाकीत पाणी चढवण्याची मोटार दुपारी उरकून घेता येईल. अर्थात नळाला पाणी रात्री दोनला येत असेल, तर खालची टाकी तेव्हाच भरावी लागेल. निदान वर चढवायचे काम तरी सकाळी नऊनंतर ठेवता येते.

छतावरच्या सौर विजेने बिल शून्य होते का?

१९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापुरात होते. कुंभारी येथील रे नगरमधली १५ हजार घरे असंघटित कामगारांना अर्पण करण्याचा तो कार्यक्रम होता. तीन दिवसांनी, २२ जानेवारीला त्यांनी एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना जाहीर केली. फेब्रुवारीत ती ‘पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना’ या नावाने सुरू झाली. ७५ हजार २१ कोटींची ही योजना पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान देते.

एक किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देते. त्याला शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. उन्हाची सोलापूरला ददात नाही. मात्र प्रखर उष्णता आणि प्रखर प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेल तापले, की त्याची क्षमता थोडी घटते आणि वर धूळ बसली, की आणखी. उन्हाळ्यात आठवड्याला पहाटे पॅनेल पुसणे हे काम धरूनच चालावे.

महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराने दोन किलोवॉट बसवले, तर वापराएवढी वीज छतावरच तयार होते. दिवसाची जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्रीच्या वापरातून तेवढी युनिट वजा होतात. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क राहतेच; पण २,१६० चे बिल दोनशेच्या आत येऊ शकते. अनुदान वजा जाता साठ-सत्तर हजार रुपये घातले असतील, तर ते अडीच ते तीन वर्षांत परत मिळतात. वर्षाला सर्वांत जास्त वापर किती होतो तेवढेच पॅनेल घ्यावे. विकून पैसे कमावण्याच्या आशेने मोठे पॅनेल घेणाऱ्याची निराशा होते, कारण वर्षाअखेर उरलेल्या युनिटना मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

शंभर युनिटच्या आतल्या घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजना आणली. एका किलोवॉटचा खर्च ५० हजार धरून केंद्राच्या ३० हजारांत राज्य भर घालते. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला फक्त अडीच हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला पाच हजार आणि इतर आर्थिक दुर्बल ग्राहकाला दहा हजार रुपये भरायचे. लाभार्थ्यांचे उद्दिष्ट पाच लाख.

आकडे आकर्षक आहेत, पण अट एकच आणि ती आडवी येणारी : स्वतःच्या हक्काचे छत. स्वतंत्र घर असलेल्याला ही योजना सोपी. इमारतीत वरची गच्ची सगळ्यांची असते. गृहनिर्माण संस्थांना जिना, पाण्याची मोटार, लिफ्ट अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे, त्याने देखभालीची वर्गणी कमी होऊ शकते. घरातले बिल नाही. भाडेकरूला तर यातले काहीच नाही. पत्र्याच्या घरावर पॅनेल बसवायचे, तर आधी सांगाडा ते वजन आणि वाऱ्याचा जोर पेलेल का, ते तपासावे लागते. सोलापूरच्या उशाशी फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. त्याच्या चिमण्या दिसतात म्हणून शहराला वीज स्वस्त मिळत नाही आणि डोक्यावर ऊन आहे म्हणून ते प्रत्येकाच्या बिलात उतरत नाही.

बिल हाती आल्यावर काय पाहावे?

सर्वांत आधी रीडिंग. ‘सरासरी’ किंवा अंदाजे बिल आले असेल, तर मीटरचा फोटो काढून लगेच तक्रार नोंदवावी, कारण दोन-तीन महिन्यांचा वापर पुढे एकदम अंगावर येतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर जूनमध्ये आलेल्या बिलांनी राज्यभर जो गोंधळ उडाला, त्याचे मूळ हेच होते. असे एकत्रित बिल आले, तर ते किती महिन्यांचे आहे आणि टप्प्यांचा लाभ तेवढ्या महिन्यांसाठी वाटून दिला आहे का, हे पाहावे.

उन्हाळ्यात कधी कधी एक वेगळेच बिल येते, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे. ते वापराचे बिल नव्हे. वर्षभराच्या सरासरीनुसार साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव ग्राहकाची असावी, असा नियम आहे. वापर वाढला, की ठेवीतला फरक मागितला जातो. त्यावर वर्षाला व्याज मिळते, ते बिलात जमा झालेले दिसले पाहिजे. म्हणजे या मे महिन्यातला एसी पुढच्या वर्षी ठेवीच्या रूपानेही खिशात हात घालतो.

बिल आल्यापासून सात दिवसांत भरले, तर कर वगळून एक टक्का सूट मिळते, ऑनलाइन भरल्यास पाव टक्का आणखी. दोन हजारांच्या बिलावर ही रक्कम वीस-बावीस रुपयांची. कूलरच्या गवताच्या नव्या जाळीला तेवढाच हातभार.